कलम सात वगळा: मागच्या दोन खोल्यांसाठी खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त मंडळी,

विषय: मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांच्या नव्या भाडेकरारातलं कलम सात.

सप्रेम नमस्कार.

नव्या कराराचा मसुदा मिळाला. भाडं वाढवलंत, ते मान्य आहे. रात्री आठला फाटक बंद, हेही मान्य. गणपतीच्या दहा दिवसांत खोल्या मंडळाच्या सामानासाठी रिकाम्या करून द्यायच्या, ते तर गेली चार वर्षं करतोच आहे. कलम सातपाशी मात्र पेन थांबलं. त्यात लिहिलंय की यापुढे या जागेत ‘मान्यताप्राप्त संस्थेची चित्रकलेची पदवी अथवा पदविका धारण करणाऱ्या’ कलाकारांचीच चित्रं लावता येतील, आणि प्रत्येक प्रदर्शनाआधी कलाकाराचं नाव, पत्ता आणि प्रमाणपत्राची प्रत कार्यालयात जमा करून सूचनाफलकावर लावावी लागेल.

आम्ही चार वर्षं तिथे चित्रकला न शिकलेल्या माणसांची चित्रं लावत आलो. हे कलम राहिलं तर ते बंद पडेल. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे, तिथे मला पाच मिनिटं मिळतील. तेवढ्यात हे मावणार नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. सभासदांनीही ते सभेआधी वाचावं अशी इच्छा आहे, म्हणून ते उघडं ठेवलं आहे. संस्थेचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. घरातली गोष्ट आहे, ती नावानिशी गावभर करायची नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या भिंतीवर माझ्या किंवा माझ्या वडिलांच्या हातची एखादी फ्रेम असेल. बडोद्याच्या रावपुऱ्यातलं दुकान वडिलांनी घातलं. त्याआधी आजोबा इथल्या कलाभवनाच्या शाळेत सुतारकाम शिकून गायकवाडी नोकरीत लागले होते. पट्टी पंचेचाळीस अंशांत कापायची, चारी कोपरे जुळवायचे, काच पुसून बसवायची, मागे पुठ्ठा लावून चुका ठोकायच्या आणि वरून खळीनं कागद चिकटवायचा. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. चाळीस वर्षं हेच काम. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, आणि फाइन आर्ट्स महाविद्यालयाच्या मुलामुलींची परीक्षेची कामं.

या धंद्यात माणसं आपली चित्रं दाखवायला येत नाहीत. ती दुसऱ्याच कामाला येतात आणि चित्र नकळत समोर येतं. २०१६ साली एक गृहस्थ दत्ताची जुनी तसबीर घेऊन आले. काच तडकली होती. मागचा पुठ्ठा काढला तर आत घड्या घालून कोंबलेले कागद निघाले. बँकेच्या जुन्या, बाद झालेल्या स्लिपा. कोऱ्या पाठीवर निळ्या बॉलपेननं काढलेलं एक शहर. मजल्यावर मजले, जिने, गच्च्या, कोनाडे, पाण्याच्या टाक्या, आणि माणूस एकही नाही. अकरा स्लिपा होत्या. शेजारीशेजारी मांडल्या तेव्हा कळलं की एकीवर सुरू झालेला जिना दुसरीवर पुढे चढतो आहे.

संध्याकाळी ते तसबीर न्यायला आले. टेबलावर मांडलेले कागद बघून त्यांचा चेहरा उतरला. “ते टाकून द्या हो. तसबीर आत हलत होती म्हणून भरले होते.” मी विचारलं, कोणी काढलंय हे? बऱ्याच वेळानं म्हणाले, “मीच. साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसून दुसरं काय करणार?” ते शिपाई होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी साड्यांचे दोन खोके भरून स्लिपा आणल्या. बायकोला माहीत होतं. मुलांना नव्हतं.

ते दोन खोके ठेवायला आणि चार लोकांना दाखवायला जागा हवी होती, तिथून हे सगळं सुरू झालं. आधी दुकानाच्या मागच्या भिंतीवर, मग तुमच्या या खोल्यांत. तिथे तेव्हा पंगतीची मोठी पातेली आणि मोडक्या खुर्च्या होत्या. त्या वेळच्या अध्यक्षांनी किल्ली देताना एकच विचारलं होतं, “पावसात कोपरा गळतो, चालेल का?” कोण लावणार, काय शिकलेला, असं कोणी विचारलं नाही. त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

आता तिथे काय लागतं ते सांगतो, कारण विश्वस्तांपैकी दोघंतिघंच आत येऊन गेले आहेत.

एक आजी आहेत. दरवर्षी चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायच्या. गुडघे गेले, वाडा जाऊन फ्लॅट आला, अंगण उरलं नाही. मग जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर स्केचपेननं काढू लागल्या. शंख, चक्र, गदा, पद्म, कासव, गोपद्म, फणी, करंडा, सगळं जागच्या जागी. हळूहळू त्यात गॅसचा सिलिंडर आला, इस्त्री आली, यजमानांच्या डायलिसिसचं यंत्र आलं, त्याच्या नळ्या नागाच्या वेटोळ्यात गुंतलेल्या. यजमान गेले तरी यंत्र राहिलं. दर चैत्रात ते तुळशीच्या शेजारी असतं. या आजींना पदविका विचारायची असेल तर ती तुम्ही विचारा. माझ्या तोंडून तो प्रश्न निघणार नाही.

फतेहगंजच्या बाजूला राहणारं एक तरुण पोर आहे. एका कागदाच्या घड्या घालून, मध्ये एक काप देऊन आठ पानांची पुस्तिका करतं, झेरॉक्स काढतं आणि हॉस्टेलांमध्ये, चहाच्या गाड्यांवर ठेवून येतं. यांना झाइन म्हणतात. घरात जे बोलता येत नाही ते त्यात काढलेलं असतं. रात्री विजेच्या डब्यांवर चिकटवलेली हातानं काढलेली डोळ्यांची चित्रंही त्याचीच, असं मला वाटतं. मी कधी विचारलं नाही. हे अंडरग्राउंड काम आहे. सही नसणं हा त्याचा कणा आहे. नाव-पत्ता फलकावर लावायचा म्हटला की ते पोर पुन्हा आपल्या फाटकात पाय ठेवणार नाही. घरच्यांना कळलं तर त्याचं काय होईल हे मला माहीत आहे, म्हणून मी आग्रहही करणार नाही.

आणि एक भाऊ-बहीण आहेत. भावावर बरीच वर्षं मानसोपचार चालू आहेत. पोस्टर कलरनं तो कागद भरतो, कडेपासून कडेपर्यंत, नखाएवढी पांढरी जागा सोडत नाही. प्रदर्शनाच्या दिवशी तो कोणाशी बोलला नाही. प्रत्येक फ्रेमपाशी जाऊन बोटाच्या टोकानं ती सरळ करत राहिला. त्या सरळच होत्या, मी ओळंबा लावून टांगल्या होत्या, पण त्याला हवं होतं तितकं सरळ करून झाल्यावर तो खुर्चीत बसला आणि संध्याकाळभर बसून राहिला.

‘वेड्यांची चित्रं लावतात’ ही तक्रार त्याच प्रदर्शनानंतर कार्यालयात आली, आणि कलम सात त्या तक्रारीतून आलं, हे आपण सगळेच जाणतो. म्हणून त्याबद्दल सरळ बोलतो.

जर्मनीत हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयात हान्स प्रिन्झहॉर्न नावाच्या डॉक्टरनं पहिल्या महायुद्धानंतर रुग्णांची हजारो चित्रं जमवली आणि १९२२ साली त्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात तो रोगाचं निदान शोधत बसला नाही, चित्रांकडे चित्रं म्हणून पाहत होता. पुढे नाझींनी याच संग्रहातली काही कामं ‘अधःपतित कले’च्या प्रदर्शनात आणून आधुनिक चित्रकारांच्या शेजारी टांगली. बघा, दोन्ही सारखीच, हे लोकांना दाखवायला. संग्रहातला फ्रान्झ कार्ल ब्यूलर, लोहारकामातला उत्तम कारागीर, १९४० मध्ये मनोरुग्णांना ठार मारण्याच्या सरकारी मोहिमेत मारला गेला. मी इथे कोणाची तुलना कोणाशी करत नाही. तक्रार करणारे गृहस्थ सज्जन आहेत, त्यांच्या नातवंडांचे फोटो मी फ्रेम केले आहेत. पण चित्राला माणसाच्या आजाराचं नाव देऊन बाजूला सारणं कुठून कुठे जाऊ शकतं, ते हे आहे.

एका विश्वस्त ताईंनी सहानुभूतीनं सुचवलं होतं की चित्राखाली ‘मनोरुग्ण कलाकार’ असं लिहा, म्हणजे लोक समजून घेतील. त्यांचा हेतू चांगला होता. तरी मी नाही म्हटलं. आमच्या चिठ्ठीवर माध्यम असतं, माप असतं, साल असतं, आणि काढणाऱ्याची इच्छा असेल तर नाव असतं. आजार, गरिबी, जात, नवरा सोडून गेला की कसं, यातलं काही नसतं. दवाखान्यातल्या कोणाचं चित्र त्याच्या स्वतःच्या होकाराशिवाय आम्ही लावलेलं नाही, आणि होकार नंतर मागे घेतला तर त्याच दिवशी उतरवलं आहे. असं दोनदा झालं.

या कामाला जगात नाव आहे. फ्रेंच चित्रकार झाँ द्युब्युफेनं १९४५ च्या सुमारास अशा कामांसाठी ‘आर ब्रुत’ हा शब्द काढला, म्हणजे कच्ची, न शिजवलेली कला. त्यानं जमवलेला संग्रह स्वित्झर्लंडच्या लोझान शहरानं घेतला आणि १९७६ मध्ये तिथे त्याचं संग्रहालय उघडलं. इंग्रजीत रॉजर कार्डिनल यांनी १९७२ साली ‘आउटसायडर आर्ट’ म्हटलं. मराठीत कोणी ‘वेशीबाहेरची कला’ म्हणतात. मी तो शब्द वापरत नाही. वेशीबाहेर कोणाला ठेवलं होतं हे आपल्या भाषेला चांगलं आठवतं, आणि तो शब्द गॅलरीच्या पाटीवर शोभेसाठी लावायचा नाही. आमच्या पाटीवर फक्त ‘मागची खोली’ असं लिहिलेलं आहे.

आपल्याच देशातलं उदाहरण, चंडीगढचं रॉक गार्डन, सगळ्यांनी पाहिलेलं आहे. नेकचंद चंडीगढच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करणारे साधे कर्मचारी. १९५७ पासून त्यांनी सरकारी जंगलाच्या जमिनीत गुपचूप फुटक्या बांगड्या, कपबश्या, चिनी मातीचे तुकडे, दगड जमवून राज्यच उभं केलं. बरीच वर्षं कोणाला पत्ता नव्हता. कळलं तेव्हा ते पूर्ण बेकायदा होतं आणि पाडून टाकणं कायद्यानं सोपं होतं. अधिकाऱ्यांनी पाडलं नाही. १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं, नेकचंदना त्याच कामावर नेमलं आणि हाताखाली मजूर दिले. तेव्हा त्या टेबलावर बसलेल्या माणसांनी प्रमाणपत्र मागितलं असतं तर आज रॉक गार्डन नसतं.

आणि एका घरमालकाची गोष्ट सांगतो, कारण तुम्ही आमचे घरमालक आहात. शिकागोत हेन्री डार्जर नावाचा माणूस इस्पितळांत झाडलोट करायचा. एका भाड्याच्या खोलीत चाळीस वर्षं राहिला. म्हातारपणी वृद्धाश्रमात गेला तेव्हा खोली साफ करायला गेलेल्या घरमालकाला, नेथन लर्नरला, पंधरा हजारांहून अधिक टाइप केलेल्या पानांची एक कथा आणि तिची शेकडो चित्रं सापडली, काही तर कित्येक फूट लांब. डार्जर १९७३ मध्ये गेला. लर्नर स्वतः छायाचित्रकार होता, त्यानं ती रद्दीत घातली नाहीत. पुढे त्या चित्रांना मोठ्या किमती आल्या आणि हक्क कोणाचे यावर दूरचे नातेवाईक कोर्टातही गेले. म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून दोन प्रतींत पावती करतो. चित्र काढणाऱ्याचं, विकलं गेलं तर पैसे त्याचे, आम्ही पट्टी, काच आणि माउंटचा खर्च तेवढा घेतो. शिपाईकाकांच्या स्लिपा विकायच्या नाहीत, असं त्यांनी लिहून दिलं आहे. त्या तशाच जपल्या आहेत.

आता पदवीबद्दल. आपल्या शहराला फाइन आर्ट्सचा अभिमान आहे आणि तो असावाच. १९४९ मध्ये विद्यापीठ, १९५० मध्ये हे महाविद्यालय. देशात चित्र-शिल्पाला विद्यापीठाची पदवी देण्याची सुरुवात बडोद्यानं केली. इंदूरहून निघालेले चित्रकार बेंद्रे इथे आले, शिल्पकार शंखो चौधरी आले, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन आले. तिथल्या विद्यार्थ्यांच्या फ्रेमा करून माझं घर चाललं. त्यांचा मी काडीचाही अनादर करत नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या खोलीत सगळ्यात आधी येऊन तासन्‌तास उभे राहतात ते तिथलेच विद्यार्थी आणि त्यांचे मास्तर.

पण बडोद्याचं चित्र फक्त पदवीतून आलेलं नाही. चित्रकार भूपेन खक्खर यांचंच बघा. शिक्षणानं चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ मध्ये मुंबईहून इथे आले, फाइन आर्ट्समध्ये शिकले ते कलासमीक्षा. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नव्हतं. दिवसा कारखान्यात हिशेब, उरलेल्या वेळात चित्रं. शिंपी, घड्याळजी, न्हावी, आपण रोज ज्यांच्या दुकानात जातो ती माणसं त्यांनी रंगवली. २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यांना मी आउटसायडर म्हणणार नाही. महाविद्यालयातले उत्तमोत्तम चित्रकार त्यांचे मित्र होते, त्यांना सगळं जग ठाऊक होतं. पण कलम सात शब्दशः लावलं तर खक्खरांचं चित्र आपल्या मागच्या खोलीत लावता येणार नाही. चित्रकलेची पदवी आहे का? नाही.

रावपुऱ्यातला तांबेकर वाडा तर आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. भाऊ तांबेकर, बडोद्याचे दिवाण, त्यांचा वाडा. आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या: पुराणातले प्रसंग, लढाया, गोऱ्या बायका. आज पुरातत्त्व खातं त्याची राखण करतं आणि आपण पाहुण्यांना अभिमानानं तिथे नेतो. ते हात कोणाचे होते, त्यांची नावं तुमच्या-माझ्या ओठांवर नाहीत.

कलाभवनाचं मी आजोबांकडून ऐकलं. सयाजीराव महाराजांनी ते १८९० मध्ये काढलं तेव्हा चित्रकला, सुतारकाम, रंगाई, विणकाम, यंत्रकाम सगळं एका छपराखाली होतं. हातानं काम करणाऱ्याला शाळेत जागा मिळावी हा त्यामागचा विचार. सुरुवातीच्या काळात तिथे शिकून गेलेल्यांत दादासाहेब फाळके होते, आणि पुढे १९१३ मध्ये त्यांनी पडद्यावर जे हलवून दाखवलं ते शिकवणारी शाळा तेव्हा देशात कुठेच नव्हती. खुद्द महाराज १८७५ मध्ये कवळाण्याच्या शेतकरी घरातून इथे आले तेव्हा बारा वर्षांचे होते, शिक्षण नावालाच. आपल्या सभागृहात त्यांची तसबीर आहे. ती फ्रेम माझ्या वडिलांची आहे.

आता तुमचा रास्त प्रश्न, जो खजिनदारांनी मला जिन्यात थांबवून विचारला होता: पदवी नको, तर मग कोणीही काहीही आणून लावणार का? नाही. आम्ही घेतो त्याच्या कितीतरी पट परत पाठवतो. मोबाइलवरून उतरवलेली चित्रं येतात, कॅलेंडरच्या नकला येतात, वाढदिवसाच्या भेटीसाठी काढलेले चेहरे येतात. त्यांत वाईट काही नाही, पण ती आमच्या खोलीची नाहीत. ज्यांना शिकायचं असतं त्यांना आम्ही चांगल्या क्लासचा पत्ता देतो. आम्ही शोधतो ते असं काम, जे कोणी पाहत नसताना, कोणी सांगितलेलं नसताना, वर्षानुवर्षं चालू राहिलं आणि ज्यानं स्वतःची रीत स्वतः शोधली. एक चित्र पाहून आम्ही ठरवत नाही. खोका, वही, पिशवी, जे असेल ते सगळं मागतो. घरी जातो. एकाच माणसाची तीनशे पानं पाहिली की कळतं की हात हौसेचा आहे की त्याला हे काढल्याशिवाय राहवत नाही.

कार्यकारिणीतल्या एका तरुण सभासदानं सुचवलं की त्यापेक्षा छोटा उदेपूरकडची पिठोराची चित्रं लावा, लोकांना आवडतील आणि वादही होणार नाही. पिठोरा मलाही आवडतो. पण राठवा आदिवासींचा पिठोरा नवसाचा असतो, घराच्या भिंतीवर, बडव्याच्या, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याच्या, विधीसह लिहिला जातो, आणि लिहिणारे लखारे पिढ्यान्‌पिढ्या शिकून तयार झालेले असतात. त्यामागे एक अख्खा समाज उभा आहे. त्याला ‘अशिक्षित कला’ म्हणून आमच्या खोलीत आणणं म्हणजे त्यांच्या शिक्षणाला शिक्षणच न मानणं. त्याला स्वतंत्र, मानाची जागा हवी. दिलीत तर फ्रेमवाला म्हणून जे लागेल ते मी करीन.

ऑगस्ट २०२४ ची आठवण करून द्यायला हवी. विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचा निम्मा साठा माझ्या सखल भागातल्या गोदामात होता. रात्री मी अध्यक्षांना फोन केला. अर्ध्या तासात त्यांनी पहिल्या मजल्यावरचं सभागृह उघडून दिलं. तुमच्याच सभासदांची मुलं कमरेएवढ्या पाण्यातून खोके डोक्यावर घेऊन आली. सतरंज्यांवर कोरे कागद अंथरून आम्ही ओली चित्रं एकेक करून पसरली, ऊन लागू न देता पंख्याखाली वाळवली, चिकटलेले कागद वहिनींनी लाटण्याच्या कडेनं अलगद सोडवले. तेव्हा कोणी विचारलं नाही की हे कोणत्या कॉलेजचं. बॉलपेनची शाई तेलकट, ती टिकली. शिपाईकाकांचं शहर जिन्यांसकट वाचलं. स्केचपेनची शाई पाण्यात फुटते. आजींची चार चैत्रांगणं पसरून निळी-गुलाबी झाली. त्यांना दाखवताना माझा हात थरथरत होता. त्यांनी कागद उजेडाकडे धरून बघितला, पेन मागितलं, पाणी जिथवर चढलं होतं तिथे एक आडवी रेघ ओढली आणि शेजारी तारीख घातली. ते चैत्रांगण सध्या दारासमोरच्या भिंतीवर आहे.

त्या रात्री सभागृहात जे लोक होते त्यांनीच सभेत हात वर करायचा आहे, म्हणून मला आशा आहे.

माझी मागणी एवढी आहे. कलम सातमधली पदवी-पदविकेची अट काढावी. नाव-पत्ता फलकावर लावण्याची अट काढावी. कायद्यासाठी नोंद हवी असेल तर ती माझ्याकडे बंद पाकिटात राहील, पाकिटावर अध्यक्षांची आणि माझी सही राहील, आणि कायदेशीर गरज पडल्याशिवाय ते उघडलं जाणार नाही. निवड करताना विश्वस्तांपैकी कोणीही येऊन बसावं, रोज बसावं. खोके उघडताना बघावं, आमच्याशी वाद घालावा. एखादं चित्र लहान मुलांसमोर नको असं वाटलं तर ते आतल्या खोलीत लावू आणि दारावर तसं लिहू. भाडं तुम्ही सांगितलंय तेच. गळणारा कोपरा मी स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून घेतो, पावसाआधी.

आणि सभेआधी एकदा आत या. रोज संध्याकाळी पाच ते आठ खोली उघडी असते. शिपाईकाका गुरुवारी येतात, दत्ताचा वार म्हणून. गेल्या महिन्यात ते नवीन स्लिपा घेऊन आले. आता बँकेत कागदाच्या स्लिपा फारशा मिळत नाहीत, म्हणून त्यांनी आमच्याच निमंत्रणपत्रिकांच्या पाठी वापरल्या आहेत. एका गच्चीवर पहिल्यांदा एक माणूस उभा आहे. तो कोण, हे मी अजून विचारलेलं नाही. तुम्ही गुरुवारी आलात तर आपण मिळून विचारू.

आपला नम्र,
रावपुऱ्यातला फ्रेमवाला,
‘मागची खोली’च्या वतीनं